रव्याहून बारीक, पिठाहून जाड

प्रभाकरचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. सरलाबाईंकडे फोन नाही, म्हणून त्यांच्या मुलाने आमचा नंबर घेऊन ठेवलाय. एरवी तो आधी माझी चौकशी करतो, मग म्हणतो, वहिनी, आईला जरा बोलावता का. त्या दिवशी म्हणाला, बोलावू नका, नुसता निरोप द्या. पुढच्या रविवारी सकाळी येतोय. दोन दिवस राहीन. सगळं ठीक दिसलं तर प्रश्नच नाही. नाहीतर या खेपेला आईला बरोबर घेऊनच नाशिकला जाईन.

तव्यावरची भाकरी उतरवली आणि तशाच पिठाच्या हाताने समोरचं दार वाजवलं. सुरतेत उधन्याला आमच्या सोसायटीत एका मजल्यावर दोनच घरं, मधे जिन्याची तीन पावलं जागा. सरलाबाईंनी निरोप ऐकला आणि खुर्चीच्या हाताला धरून हळूच खाली बसल्या.

"दिवाळीतल्या कॉफीमुळे," त्या म्हणाल्या.

दिवाळीत प्रभाकर आला होता तेव्हा त्याने आईच्या हातची कॉफी दोन घोट घेतली आणि कप खाली ठेवला. काही बोलला नाही. सरलाबाईंचं म्हणणं, बोलला असता तर बरं झालं असतं. याच्या वडिलांचंही असंच होतं, चव बिघडली की माणूस गप्प. दिवसभर तो घरात नुसता फिरत होता. नळ बघ, गॅसची नळी बघ, औषधाच्या बाटल्यांवरच्या तारखा बघ.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या कॉफीवरून कोणी आईला उचलून नेतं का. पण सरलाबाईंच्या घरात कॉफी म्हणजे कॉफी नव्हती. बाई मूळच्या धुळ्याच्या, म्हणजे आमच्यासारख्याच चहावाल्या. यजमान सुरतेच्या एका जरीवाल्याकडे कामाला. इथली जरीची तार तिकडे कांचीपुरमला साड्यांत जाते, म्हणून पेढीने त्यांना तिकडे पाठवलं आणि ते अठरा वर्षं तिकडेच राहिले. प्रभाकर तिथलाच. परत सुरतेला आले तेव्हा भाषा धुळ्याची उरली होती आणि जीभ कांचीपुरमची झाली होती. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या ओळखीचा जरीचा दलाल अजून वर्षातून तीनदा तिकडून भाजलेल्या बिया आणून देतो. त्या बिया रोज सकाळी लागतील तेवढ्याच दळायच्या, पितळी फिल्टरमध्ये भरायच्या, वरून कढत पाणी. खालच्या भांड्यात थेंब थेंब काळा रस उतरतो. त्या त्याला डिकॉक्शन म्हणायच्या, मी काढा म्हणायची आणि त्या चिडायच्या. प्रभाकर लहानपणापासून याच कॉफीवर वाढला. आई बरी आहे की नाही, हे त्याला दुसऱ्या कशावरून कळायचंच नाही.

आणि आई बरी नव्हती. हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

साखरेने आधी त्यांचे डोळे धरले. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, चेहरा नाही. मग बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, आणि मुंग्या गेल्या तेव्हा बोटांतलं सगळंच घेऊन गेल्या. कॉफीचं दळण डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखायचं असतं. खरं सांगणारी उरली होती फक्त एक, जीभ. दळण बिघडलंय हे त्यांना प्यायल्यावर कळायचं, दळताना नाही.

निरोप ऐकून पाच मिनिटं गेली असतील. त्या म्हणाल्या, "प्रमिला, तुझी बोटं मला आठ-दहा दिवस उसनी दे."

मी दिली. का दिली, हेही सांगून टाकते. दुपारी दोन ते चार मी त्यांच्याकडे बसायची. माझे यजमान योगराज पांडेसऱ्याला साड्यांच्या डाइंगमध्ये सुपरवायझर, सकाळी सातला जातात ते संध्याकाळी रंगाचा वास घेऊन येतात. मुलगा बडोद्याला शिकायला. त्या दोन तासांत मी जेवढी हसायची तेवढी उरलेल्या बावीस तासांत नाही. त्या नाशिकला गेल्या असत्या तर त्यांना काय झालं असतं ते मला माहीत नाही, माझं काय झालं असतं ते माहीत होतं. आणि त्यांनाही जायचं नव्हतं. म्हणायच्या, नाशिकला मला एक कॉट आहे, इथे घर आहे.

त्यांचं दळायचं यंत्र मी आमच्याकडेच घेऊन आले. हातभर उंचीचं लाकडी खोकं, वर बिया टाकायची पितळी वाटी, फिरवायचा दांडा, खाली पूड पडायचा लहानसा खण. दांड्याच्या बुडाशी एक चक्री. ती आवळली की बारीक, सैल केली की जाड. खोकं दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचं, नाहीतर ते दांड्याबरोबर फिरतं. पहिल्या दिवशी ते माझ्याबरोबर खोलीभर फिरलं.

मला त्यांनी सगळं रव्या-पिठात समजावलं, कारण मला तेच कळतं. जाडा रवा झाला तर पाणी थांबत नाही, धावत खाली येतं आणि काढा पिवळा, पाणचट. पीठ झालं तर पाणी वरच बसून राहतं, उतरलंच तर कडूजहर. आपल्याला पाहिजे बारीक रव्याहून बारीक आणि पिठाहून जाड. चिमटीत घेतलं की कणी लागली पाहिजे, पण मोजता येऊ नये. बिया जास्त काळ्या भाजल्या असतील तर त्या ठिसूळ होतात, आपोआप भुगा जास्त पडतो, मग चक्री पाव फेरा सैल.

मी दळायची, चिमटीत घ्यायची, सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग फिल्टर लावायचा आणि दोघींनी कान देऊन बसायचं. थेंबाला घाई नको आणि आळसही नको, त्या म्हणायच्या, झोपाळ्यावर पाय हलवत बसलेल्या माणसासारखं पडायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी मी जाड दळली, चौथ्या दिवशी आणखी जाड. पाचव्या दिवशी त्यांनी पहिला घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मी समजले.

घरी योगराज खोक्याकडे बघून आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय नवीन दयन काढं तू?" मी म्हटलं, परीक्षेचं दळण. त्यांनी हसून चहा मागितला.

पण एक गोष्ट होती, आणि ती या आठ दिवसांत माझ्या मनातून हलत नव्हती. दीड महिन्यापूर्वी दुपारी जिन्यात मला गॅसचा वास आला होता. सरलाबाईंनी दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू. त्या दुसऱ्या खोलीत दार लोटून रेडिओ ऐकत बसल्या होत्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पंख्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. मग दोघी गच्चीत जाऊन बसलो. त्यांनी माझा हात धरून एकच सांगितलं, प्रभाकरला कळता कामा नये. मी हो म्हटलं. त्यानंतर रोज त्यांचं दूध तापायच्या वेळेला मी काही ना काही निमित्ताने जिन्यात असायची. योगराजनाही सांगितलं नव्हतं. रंगांच्या वाफेने त्यांचं नाक कधीच मेलंय, त्यांना सांगून उपयोगही नव्हता.

शनिवारी दुपारी मी शेवटचं दळण काढलं. रविवारी सकाळी प्रभाकर यायच्या आधी सरलाबाईंनी नुसतं चमच्याने मोजून भरायचं, एवढंच काम ठेवलं होतं. दळण उत्तम पडलं. चिमटीत घेतलं तर अगदी तेच. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, आणि माणसाचं नेमकं तिथेच चुकतं.

आमच्याकडे दळण चाळल्याशिवाय डब्यात जात नाही. ज्वारी असो, गहू असो, घरचं असो की गिरणीवरचं. माझ्या आईने चाळणी हातात दिली तेव्हा मी सात वर्षांची होते. पाहुणा यायचा असला तर पीठ दोनदा चाळायचं, हा आमच्यातला मान. मी विचार केलाच नाही. मैद्याची चाळणी काढली, कॉफीची पूड चाळली, खाली पडलेली मऊसूत पूड डब्यात भरली आणि वर राहिलेली कणी तुळशीच्या कुंडीत टाकून दिली. डबा सरलाबाईंना दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, खूश झाल्या. त्यांनी मला शंभर गोष्टी सांगितल्या होत्या, पण कॉफी चाळू नकोस हे त्या सांगणार कशाला. तसं कोणी करतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

रविवारी पावणेसातला दार वाजलं. दारात सरलाबाई, अंगावर कांचीपुरमची जुनी हिरवी साडी, आणि चेहरा असा की मी आधी त्यांचा हात धरला.

"थेंब पडत नाहीये," त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाला. मी कान लावून बसलेय."

फिल्टर बघितला. वरच्या भांड्यात पाणी जसंच्या तसं, काळ्या डबक्यासारखं. खालचं भांडं कोरडं, तळाशी एक डाग. मी वरून चमच्याने ठोकलं. आतली दाबायची चकती उचलून बघितली. खाली चिखल होता, शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा गच्च. चिमटीत घेऊन चोळलं. त्यात एकही कणी नव्हती.

"सरलाबाई, मी ती चाळली."

त्यांना क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाच्या दिशेने तोंड केलं. काटे त्यांना दिसत नव्हते. मी सांगितलं, सात वाजायला दहा कमी. नाशिकची बस साडेसातला येते, रिक्षाने इथे यायला वीस मिनिटं. बिया अजून एक वाटी शिल्लक होत्या. यंत्र माझ्याकडे. वेळ होता, जेमतेम होता.

त्या फिल्टर धुवायला लागल्या, मी आमच्या घरात गेले. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली भिंतीला पाठ टेकून बसले, खोकं गुडघ्यांत धरलं आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. त्या यंत्राचा आवाज लहान नाही. लाकडात दगड रगडल्यासारखी घरघर, मधेच एखादी बी तुटल्याची कटकट. योगराज उठून आले, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गॅलरीत गेले. घाईत पहिली चिमूट जाड लागली. चक्री आवळली. दुसरी चिमूट बारीक लागली की मला भीतीने तसं वाटलं, तेही कळेना. बोटांना घाम आला होता. ओल्या बोटांना पूड चिकटते आणि मग सगळंच पीठ वाटतं. पदराला हात पुसले, पुन्हा घेतलं. पाव फेरा सैल. पुन्हा फिरवलं.

बस त्या दिवशी लवकर आली होती.

मला काही ऐकू आलं नाही, घरघरच इतकी होती. मान वर केली तेव्हा आमच्या उघड्या दारात प्रभाकर उभा होता. हातात बॅग, डोळे जागरणाने लाल. जिना चढताना त्याने तो आवाज ऐकला असणार. जन्मापासूनचा आवाज, पण चुकीच्या दारातून येत होता.

त्याने माझ्या गुडघ्यांतल्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस झाले, वहिनी?"

मी म्हटलं, आठ. खोटं सुचलंच नाही.

तो बॅग तिथेच ठेवून समोर गेला. मी खणातली पूड वाटीत घेतली आणि मागोमाग गेले. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. सरलाबाई ओट्याशी धुतलेला फिल्टर पुसत होत्या. पावलं ओळखून म्हणाल्या, "आलास? हातपाय धू. कॉफी होतेय."

"होऊ दे," तो म्हणाला, आणि स्टूल ओढून ओट्याशीच बसला.

सरलाबाईंनी पूड भरली. मोजताना एक चमचा ओट्यावर सांडला, तो त्यांना दिसला नाही. प्रभाकरला दिसला. मीही तो पुसला नाही. मग कढत पाणी. मग आम्ही तिघं फिल्टरकडे तोंड करून बसलो. पहिला थेंब पडला. दुसरा. मग त्यांनी सांगितला होता तसाच, ना घाई ना आळस. मला एवढा चांगला काढा याआधी कधी जमला नव्हता, आणि मी मनात म्हणत होते, आज तरी बिघडायला हवा होता, म्हणजे त्यांच्या हातचा तरी वाटला असता.

दूध घालून त्याने कॉफी घेतली. पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला.

"चांगली झालीय," तो म्हणाला. "तुझी नाहीये."

मग त्याने फिल्टर धुताना बाजूला काढलेला तो काळा चिखल आणि वाटीत उरलेली नवी पूड, दोन्हींतून चिमूटभर घेतलं. आईचे दोन्ही तळवे उघडले आणि एकेकात ठेवलं. आवाज चढला नव्हता, उलट अगदी हळू होता. "हात लावून सांग, कुठली जाड, कुठली बारीक?"

एक ओला चिखल, एक कोरडी पूड. लहान मूलही नुसतं ओलं-कोरडं बघून काहीतरी ठोकून देईल. सरलाबाईंनी अंगठ्याने आधी एक चोळली, मग दुसरी. बराच वेळ चोळत होत्या. मी मनात म्हणत होते, अंदाजाने सांगा, काहीही सांगा.

"मला दोन्ही सारख्याच लागतात," त्या म्हणाल्या.

प्रभाकरने मान खाली घातली. सरलाबाईंनी हात झटकले आणि ताठ बसल्या. "बोटांना कॉफी कळत नाही, एवढंच ना? बरं. कॉफी सोडते. उद्यापासून चहा पिईन, प्रमिलासारखा. त्यासाठी घर सोडायचं कारण नाही. बाकी सगळं मला येतं. जिना, दूध, गॅस, सगळं. माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचार."

आणि त्यांनी माझ्या दिशेने हात केला. जरा बाजूला केला, मी खिडकीपाशी होते.

प्रभाकरने विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. त्याला उत्तर हवं होतं आणि नकोही होतं, ते मला दिसत होतं. सरलाबाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. त्यांना माझी पूर्ण खात्री होती. एवढी खात्री माझ्याबद्दल माझ्या नवऱ्यालाही नाही.

मला फक्त एक "हो" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला दुपारचे दोन ते चार दिसले, पुढच्या वर्षीचे, त्याच्या पुढच्या वर्षीचे. मग दिसलं की मी बडोद्याला मुलाकडे गेलेय, जिन्यात कोणी नाही, आणि दूध उतू चाललंय.

"महिना-दीड महिन्यापूर्वी गॅस राहिला होता," मी म्हटलं. "ज्योत विझलेली. वास मला जिन्यात आला. सरलाबाईंना नाही आला." आणि मग एकदा सुटलं ते थांबलं नाही. जिन्यावर दोनदा पाय सरकला तेही सांगितलं. कोपराजवळचा पोळलेला डाग पदराखाली असतो, तोही.

मी संपवलं तेव्हा सरलाबाई उठल्या, कप धुतला, पालथा घातला आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावलं नाही. लावलं असतं तर मी वाजवलं तरी असतं.

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आवराआवर करायला जायची, त्या काय न्यायचं, काय ठेवायचं हे प्रभाकरला सांगायच्या आणि प्रभाकर मला सांगायचा, मी शेजारी उभी असून. बेसनाच्या पातोड्या करून नेल्या, त्या त्यांनी खाल्ल्या, पण चांगल्या झाल्यात हेही प्रभाकरकडूनच कळवलं. सोमवारी संध्याकाळी प्रभाकर खोकं घेऊन आमच्याकडे आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. म्हणाला, मला दाखवा, आई शिकवणार नाही. तो कारखान्यात इंजिनीअर, त्याने आधी विचारलं की चक्री नक्की किती फेरे. मी म्हटलं, तसं नसतं, चिमटीत घ्या. तो चिमटीत घेऊन बघत राहिला. म्हणाला, वहिनी, मला रवा माहीत नाही, मी कधी घेतलाच नाही हातात. मग मी डब्यातून रवा काढला, जाडा, बारीक, आणि गव्हाचं पीठ, तिन्ही त्याच्यापुढे ठेवलं. चाळीशीचा माणूस, तास-दीड तास चिमट्या घेत बसला होता. शेवटी त्याचं दळण जाडच राहिलं. मी म्हटलं, बिघडलं की त्याच सांगतील, कॉफीबद्दल त्यांना बोलावंच लागेल.

मंगळवारी दुपारी बस. आम्ही दोन रिक्षांतून स्टँडवर गेलो, योगराजनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. सामान वर चढवलं. सरलाबाईंना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते, खिडकीच्या गजांशी. सापुताऱ्याच्या घाटात पोटात ढवळेल, आवळासुपारी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलीय, असं काहीबाही सांगत होते. त्या समोर बघत होत्या. प्रभाकर पाण्याची बाटली भरायला खाली उतरला.

तेव्हा त्या बोलल्या. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"तू सांगितलंस ते बरं केलंस, असं मी कधीच म्हणणार नाही."

"नका म्हणू," मी म्हटलं.

"मरेपर्यंत नाही म्हणणार."

"बरं."

कंडक्टरने घंटी दिली. प्रभाकर धावत येऊन चढला. बस हलली तशी त्यांनी गजांतून हात बाहेर काढला, माझा खांदा चाचपला, मग कान सापडला, तोच धरला.

"पत्र लिही," त्या म्हणाल्या. "तोच मला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा जपून लिही."